‘कंपनीनेच बसवलाय’ हे उत्तर नव्हे

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांमध्ये उन्हाळ्यात मोटरहोम भाड्याने घेऊन हिंडायची पद्धत आता चांगली रुळली आहे. मुलांना सुट्टी असते, भारतातून आई-बाबा आलेले असतात, योसेमिटी किंवा यलोस्टोनचा बेत ठरतो. निघण्यापूर्वी कुणी तरी अनुभवी माणसाला विचारतं, की रात्री उकडलं तर गाडीतला जनरेटर रात्रभर चालू ठेवून एसी लावला तर चालेल का? उत्तर ठरलेलं असतं. “बिनधास्त चालवा. कंपनीनेच बसवलाय, तो काही बाहेर ठेवायचा पोर्टेबल जनरेटर नाही. गाडीत अलार्म असतोच. आम्ही इतकी वर्षं चालवतोय, काही झालं नाही.”

हे उत्तर चुकीचं आहे आणि ते जिवावर बेतू शकतं. देणारी माणसं ते चांगल्या मनाने देतात, मदत म्हणून देतात, आणि त्यामुळेच ऐकणाऱ्याला ते पटतं. म्हणून त्यातलं एकेक वाक्य उलगडून तपासायला हवं.

जनरेटर म्हणजे निव्वळ चैन, असं मी मानत नाही. मोटरहोमच्या छतावरचा एसी साधारण १३,५०० किंवा १५,००० बीटीयूचा असतो. चालताना तो १,३०० ते १,५०० वॅट खेचतो, सुरू होताना क्षणभर त्याहून कितीतरी जास्त. १०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत पूर्ण भरल्यावर सव्वा युनिटच्या आसपास वीज मावते, म्हणजे कॉम्प्रेसर सलग चालला तर तासाभरात ती रिकामी. छतावर ४०० वॅटची सोलर पॅनेल असतील तर चांगल्या उन्हाच्या दिवशी दीड-दोन युनिट हाती येतात. त्यात दिवे, पाण्याचा पंप, फोन, लॅपटॉप सगळं निभावतं, पण रात्रभराचा एसी निभावत नाही. ‘सोलर लावा आणि जनरेटर भंगारात काढा’ असं सांगणारे लोक हा हिशेब करत नाहीत. शिवाय पेट्रोलवरच्या मोटरहोममध्ये अंगभूत जनरेटर गाडीच्याच टाकीतून इंधन घेतो, आणि त्याची नळी बहुधा टाकीच्या पाव पातळीपर्यंतच पोचते. जनरेटर कितीही चालला तरी गाडी पुढच्या पंपापर्यंत न्यायला पेट्रोल उरतं. ही विचार करून केलेली रचना आहे. जागेपणी, दिवसा, तो खुशाल चालवावा. गाडीत माणसं झोपलेली असताना मात्र तो बंद हवा. माझं म्हणणं एवढंच आहे आणि त्यात सूट द्यायला मी तयार नाही.

आता ‘कंपनीनेच बसवलाय’ या वाक्याकडे येऊ.

युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवर लेक पॉवेल नावाचा धरणाचा प्रचंड जलाशय आहे. तिथे लोक हाउसबोटी भाड्याने घेऊन राहतात. या बोटी म्हणजे पाण्यावरचं मोटरहोमच. एसी, फ्रिज, स्वयंपाकघर आणि ते चालवायला बोटीतच बसवलेला जनरेटर. बऱ्याच बोटींत जनरेटरचा धूर मागच्या टोकाला, पोहायला उतरायच्या फळीखालच्या पोकळीत सोडलेला असे. ऑगस्ट २००० मध्ये दोन लहान भाऊ अशा एका बोटीच्या मागे पोहत होते. पोकळीत साठलेल्या कार्बन मोनॉक्साइडने ते बेशुद्ध झाले आणि दगावले. त्यानंतर नायॉश या अमेरिकी सरकारच्या व्यवसाय-आरोग्य संशोधन संस्थेची माणसं तिथे गेली आणि त्यांनी बोटींवर मोजमापं घेतली. या वायूची १,२०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १,२०० भाग, ही जिवाला तत्काळ धोका मानली जाणारी पातळी. फळीखालच्या पोकळीत त्याच्या कित्येक पट आकडे मिळाले. जुन्या नोंदी तपासल्यावर त्याच जलाशयावरच्या आधीच्या अनेक विषबाधा आणि मृत्यूही उजेडात आले, आणि त्यातले बरेच बळी बोटीच्या बाहेर, उघड्यावर होते. नायॉशने सुचवलेला उपाय साधा होता: धुराचा पाइप उभा करून बोटीच्या वरच्या डेकच्याही वर न्यायचा.

त्या बोटींतले जनरेटर कुणी घरी जोडलेले नव्हते. ते कारखान्यातून तसेच आले होते, धुराचा मार्गही तिथेच ठरला होता, आणि वर्षानुवर्षं लोक त्या बोटी वापरत होते. पाण्यावरची पोकळी आणि रस्त्यावरची गाडी यांत फरक आहे हे मान्य. पण ‘कारखान्यात बसवलं म्हणजे सुरक्षित’ हा युक्तिवाद लेक पॉवेलवर खोटा ठरला, तो पुन्हा उभा करणाऱ्याने आधी त्या घटनेचं उत्तर द्यावं.

रस्त्यावरचं उदाहरण हवं असेल तर ते आपल्याच देशातलं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमध्ये, कोळिकोड जिल्ह्यातल्या वडकरा इथे, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. दोघं त्या गाडीवरचेच कर्मचारी होते. एसीसाठी गाडीतला जनरेटर चालू होता. कालिकतच्या एनआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतल्या तज्ज्ञांनी तपास केला, तेव्हा जनरेटरचा धूर गाडीच्या तळाला असलेल्या भोकातून आत शिरल्याचं स्पष्ट झालं. तीच परिस्थिती पुन्हा निर्माण करून घेतलेल्या चाचणीत दोन तासांत वायूचं प्रमाण ९०० पीपीएमच्या वर गेलं. झोपलेल्या माणसाला वाचायला त्यात वेळच उरत नाही.

एक भोक. मोटरहोमच्या तळाला अशी भोकं किती असतात, हे एकदा गाडीखाली वाकून पाहावं. वायरी, पाण्याच्या नळ्या, गॅसची नळी, सांडपाण्याचे पाइप, प्रत्येकासाठी एक भोक पाडून ते फोमने किंवा सीलंटने बुजवलेलं असतं. गाडी हजारो मैल खडखडत जाते, फोम सुटतो, उंदीर कुरतडतात. स्लाइड-आउटचे, म्हणजे गाडीच्या बाहेर सरकणाऱ्या खोलीचे, रबर कोपऱ्यांत फाटतात. जनरेटरचा सायलेन्सर गाडीच्या पोटाखाली लोंबत असतो. पार्किंगचा कठडा किंवा स्पीडब्रेकर घासला की त्याची पट्टी सुटते, जोड ढिला होतो आणि धूर बाहेर टोकाला न पोचता मध्येच फरशीखाली सुटतो. उत्पादकांनाही हे ठाऊक आहे. जनरेटरच्या पुस्तिकांत धुराच्या नळीची तपासणी दररोज करायला सांगितलेली असते. भाड्याच्या गाडीखाली रोज वाकून पाहणारं कुटुंब मला तरी अजून भेटायचं आहे.

आणि समजा नळी शाबूत आहे, तळही बंद आहे. तरी धूर गाडीच्या कडेलाच सुटतो, तिथून चार-पाच फुटांवर खिडकी असते. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, सीडीसी, पोर्टेबल जनरेटर दारं-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब ठेवायला सांगते. अंगभूत जनरेटर इतका लांब नेताच येत नाही. त्याचा बंद कप्पा आणि बाहेर काढलेली नळी यांवर सगळी भिस्त असते, आणि पुढचं काम वाऱ्याने करायचं असतं. वारा रात्री पडतो. गाडी भिंतीला किंवा उंच गवताला लागून उभी असते, किंवा दोन गाड्यांच्या मध्ये असते आणि शेजाऱ्याचाही जनरेटर चालू असतो. त्यात कुणी बाथरूमच्या छतावरचा पंखा हवा बाहेर फेकायला लावून ठेवला आणि खिडक्या बंद असल्या, तर गाडीच्या आत हवेचा दाब किंचित कमी होतो. पंखा बाहेर फेकतो तेवढी हवा खालच्या फटींतून आत ओढली जाते. उकाड्याच्या रात्री हा पंखा बहुतेक जण लावतात.

उंचीचा मुद्दा तर कुणी बोलतच नाही. कार्ब्युरेटर असलेल्या जनरेटरला उंचावर विरळ हवा मिळते, पण पेट्रोल त्याच प्रमाणात येत राहतं. अर्धवट ज्वलन वाढतं आणि अर्धवट ज्वलनातूनच कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. म्हणून अनेक जनरेटरना उंचीप्रमाणे फिरवायची चकती दिलेली असते. समुद्रसपाटीवरच्या शहरातून भाड्याने घेतलेली गाडी ८,००० फुटांवर जाते तेव्हा ती चकती कुणी फिरवतं का? जनरेटरची ताकदही दर हजार फुटांमागे साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. तो धापा टाकत एसी ओढतो आणि विषारी वायू नेहमीपेक्षा जास्त सोडतो.

‘अलार्म आहेच’ हे या सगळ्यातलं सर्वांत पटणारं वाक्य आहे, आणि जनरेटर उत्पादकांच्या पुस्तिकाही त्याला थोडा आधार देतात. चालू स्थितीतला कार्बन मोनॉक्साइड अलार्म नसेल तर जनरेटर चालू ठेवून गाडीत झोपू नका, असं त्यांत लिहिलेलं असतं. लोक ते उलटं वाचतात: अलार्म असेल तर झोपा. पुस्तिकेने किमान अट सांगितली आहे, हमी दिलेली नाही.

अलार्म काय करतो ते आकड्यांत पाहू. अमेरिकेतले हे अलार्म यूएल २०३४ या मानकावर बनतात. त्यानुसार ७० पीपीएम वायू असेल तर अलार्मने एक ते चार तासांत वाजायचं असतं. १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांत, ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत. आणि ३० पीपीएमवर त्याने वाजायचंच नसतं, महिनाभर तेवढं प्रमाण राहिलं तरी. खोट्या अलार्मला कंटाळून लोक तो काढून टाकतील, म्हणून मानक तसं ठरवलेलं आहे. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. मोकळ्या हवेत आठ तासांची सरासरी ९ पीपीएमच्या वर जाऊ नये, ही अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची मर्यादा आहे. म्हणजे हवेच्या मर्यादेच्या तिप्पट वायूत तुमचं कुटुंब रात्रभर झोपू शकतं, आणि अलार्मचा हिरवा दिवा शांतपणे लागलेला राहतो. अलार्मचा हिशेब निरोगी प्रौढ माणूस धरून केलेला आहे. हृदयविकार असलेल्या सत्तरीच्या आजोबांना, गरोदर बाईला, लहान बाळाला तो हिशेब लागू पडत नाही.

हे तर नव्या, चालू अलार्मबद्दल झालं. प्रत्यक्षात सेन्सरचं आयुष्य मर्यादित असतं, पाच-सात वर्षांनी तो बदलावा लागतो आणि त्याची तारीख मागच्या बाजूला छापलेली असते. बॅटरी उतरली की तो टीटी करतो, म्हणून कंटाळून त्याची वायर काढून ठेवलेल्या गाड्या असतात. गाडी घेताना चाचणीचं बटण दाबून आवाज ऐकला की आपलं समाधान होतं. पण त्या बटणाने भोंगा आणि सर्किट तपासलं जातं, वायू ओळखायची ताकद नव्हे.

मग ‘आम्ही इतकी वर्षं चालवतोय, काही झालं नाही’. हे म्हणणारी मंडळी खोटं बोलत नाहीत. पण काही झालं नाही, हे त्यांना कसं कळलं? रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजनपेक्षा या वायूकडे दोनशेहून जास्त पट ओढ असते. एकदा चिकटलेला वायू साध्या हवेत निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. रात्रभरात तो थोडा थोडा साठत जातो. सकाळी डोकं जड, मळमळ, अंगात ताकद नाही, भूक नाही. ही लक्षणं भारतातून आठवड्यापूर्वी आलेल्या आजीला झाली तर आपण काय म्हणतो? जेट लॅग. उंचीवर आलोय म्हणून होतंय. पाणी कमी प्यायलीस. प्रवासाची सवय राहिली नाही. आजीही तेच मानते, कारण मुलाने हौसेने काढलेल्या सहलीत तक्रार करायची तिची इच्छा नसते. बाहेरच्या हवेत फिरल्यावर दुपारपर्यंत तिला बरं वाटतं आणि रात्री पुन्हा तोच जनरेटर सुरू होतो. ‘काही झालं नाही’ या नोंदीत अशा किती सकाळी दडल्या असतील, हे मोजायला कुणीच रक्त तपासलेलं नाही. जागा माणूस निदान डोकं दुखतंय म्हणून बाहेर तरी पडतो. झोपलेल्याला ती संधी मिळत नाही, आणि माझा सगळा आग्रह झोपेवर आहे तो यासाठीच.

घरातल्या गॅस गीझरच्या बाबतीत आपल्याला हे पटलेलं आहे. बंद न्हाणीघरात गीझरमुळे माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात मुंबई-पुण्याकडे वाचायला मिळतात. गीझरही कंपनीचाच असतो, आणि म्हणून तो निर्धोक आहे असं आता कुणी म्हणत नाही.

राहिला उकाड्याचा प्रश्न, आणि तो खरा आहे. म्हाताऱ्या माणसांना चाळीस अंशांत एसीशिवाय झोपवणं हाही जिवाशी खेळच. पण त्याचं उत्तर मुक्काम कुठे करायचा या निवडीत आहे. उन्हाळ्यात वाळवंटात मुक्काम करायचा तर विजेची जोडणी असलेली जागा घ्यावी. ३० अँपिअरच्या जोडणीवर ३,६०० वॅट मिळतात, एसी रात्रभर चालतो आणि धुराचा प्रश्नच येत नाही. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला ट्रेलर व्हिलेजमध्ये, यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजला, झायॉनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडमध्ये अशा जागा आहेत. त्या लवकर भरतात, म्हणून बेत आधी ठरवावा लागतो. नाही मिळाली तर उंचावर जावं. दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. जुलैत डेथ व्हॅलीच्या तळाशी, समुद्रसपाटीच्याही खाली, रात्री पारा तिशीच्या खाली उतरत नाही अशा ठिकाणी जोडणीशिवाय आई-बाबांना घेऊन मुक्काम करूच नये. तिथे जनरेटर वापरावा की नाही ही चर्चाच उशिराची आहे.

एरवी संध्याकाळी दोन तास जनरेटर चालवून गाडी गार करून घ्यावी, त्यातच बॅटऱ्या भराव्यात, पडदे ओढावेत, आणि झोपताना तो बंद करून खिडक्या उघडाव्यात. बारा व्होल्टचे पंखे रात्रभर चालले तरी बॅटरी तग धरते. झोपेत श्वासासाठी सीपॅप यंत्र लागणाऱ्यांची काळजी रास्त आहे, पण पाणी तापवणारा भाग बंद ठेवला तर ते यंत्र एसीच्या मानाने अगदीच थोडी वीज घेतं. त्यासाठी चांगली बॅटरी पुरते. राष्ट्रीय उद्यानांनी तर हा वाद केव्हाच मिटवला आहे. योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडमध्ये सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढ्याच वेळात जनरेटरला मुभा आहे. हा नियम शेजारच्या तंबूतल्या माणसांच्या शांततेसाठी केलेला असला, तरी त्या तंबूत आपला धूर शिरत नाही हाही त्याचा मोठा लाभ आहे. रात्रभर जनरेटर चालतो तो मोकळ्या सरकारी जमिनीवर, ट्रकथांब्यांवर आणि दुकानांच्या पार्किंगमध्ये, जिथे विचारायला कुणी नसतं.

महागड्या गाड्यांत आणखी एक सोय असते, ऑटो जनरेटर स्टार्ट. बॅटरी उतरली किंवा आतलं तापमान वाढलं की जनरेटर आपोआप सुरू होतो. तुम्ही बंद करून झोपलात तरी पहाटे तीनला तो कुणालाही न विचारता चालू होऊ शकतो. बंद गॅरेजमध्ये उभ्या गाडीतही होऊ शकतो. झोपण्यापूर्वी ती सोय बंद करायलाच हवी, आणि भाड्याची गाडी घेताना ती आहे का, हे विचारायलाच हवं.

माझं ऐकून जनरेटरला हातच लावायचा नाही असं कुणी ठरवलं, तर तेही नुकसानीचं आहे. महिनोन्महिने बंद राहिलेल्या जनरेटरच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल चिकट होतं, मग ते नीट जळत नाही, जनरेटर आचके देत चालतो आणि जास्त घाण सोडतो. महिन्यातून दोन तास, निम्म्या भारावर, म्हणजे एसी लावून, तो चालवला पाहिजे. कॅलिफोर्नियाने २०२८ पासून नवे जनरेटर, मोटरहोममधलेही, शून्य उत्सर्जनाचे असावेत असा नियम केला आहे. तो नव्या विक्रीपुरता आहे. आज रस्त्यावर असलेले जनरेटर अजून कित्येक वर्षं चालणार आहेत.

आणि हा विषय अमेरिकेपुरता राहिलेला नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. मुंबईत व्हॅनिटी व्हॅन तर त्याआधीपासून आहेत. आपल्याकडे अनेक गाड्या बसच्या सांगाड्यावर गॅरेजमध्ये बांधून घेतल्या जातात. तळाला भोकं पाडणारा मिस्त्री वेगळा, जनरेटर बसवणारा वेगळा, आणि दोघांचं काम एकत्र तपासणारा बहुधा कुणीच नाही. गाडीला परवाना देताना जनरेटर चालू करून, दारं-खिडक्या बंद ठेवून, आतल्या वायूचं प्रमाण मोजलंच पाहिजे. वडकऱ्यात मृत्यूनंतर झाली ती चाचणी परवान्याआधी करायला काय हरकत आहे? भाड्याच्या करारात जनरेटरचे तास ठरवून द्यावेत. आणि पर्यटक हॉटेलात झोपायला गेल्यावर गाडीतच राहणाऱ्या ड्रायव्हरला आणि मदतनीसाला, ‘एसी लावून गाडीतच झोपा’ असं सांगायचं मालकांनी आजपासून बंद करावं. वडकऱ्यात गेलेली दोन माणसं ड्रायव्हर आणि त्याचा सहकारीच होती. त्यांच्यासाठी रात्रीची खोली घ्यायची तर तिचं भाडं सहलीच्या बिलात धरावं लागेल, आणि ते धरलंच पाहिजे.